कामाला टॉलरन्स द्या, स्वतःला मोजणे थांबवा

पुण्यातल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मी ड्रॉइंग काढते आणि इतरांनी काढलेली ड्रॉइंग तपासते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी गिअरबॉक्सच्या एका झाकणाचे ड्रॉइंग शॉपला, म्हणजे भाग बनवणाऱ्या विभागाला, पाठवले आणि त्यावरच्या प्रत्येक मापाला ०.०२ मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिला. दुसऱ्या दिवशी फोरमन तो कागद घेऊन वर आले. "मॅडम, हे झाकण आहे. चार बोल्टनी बसतं, आत काही फिरत नाही. याला ग्राइंडिंगला कशाला पाठवायचं?" त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. जिथे ±०.३ सहज चालले असते तिथे ०.०२ मागितल्यामुळे मिलिंगवर (यंत्रावर कापून) संपणारे काम ग्राइंडिंगला (बारीक घासून नेमके माप आणायला) जाणार होते, वेळ आणि खर्च वाढणार होता, आणि तरीही झाकण तसूभरही अधिक चांगले बसणार नव्हते. आमच्या व्यवसायात याला काळजीने केलेले काम म्हणत नाहीत. गरजेपेक्षा कडक टॉलरन्स ही डिझाइनमधली चूकच मानली जाते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी मात्र त्या रात्री साडेअकरापर्यंत थांबून मागच्या सहा महिन्यांतली माझी सगळी ड्रॉइंग उघडून पाहिली. घरी परतताना झाकण डोक्यातून केव्हाच गेले होते. माझी लायकी आज सगळ्यांना कळली, हे एकच वाक्य मनात फिरत होते. त्या वाक्यापासून मोकळे होण्याची जी रीत मला हळूहळू सापडली आणि जिला मानसशास्त्रातही भक्कम आधार आहे, ती इथे मांडते आहे.

आधी ओळख पटवून घ्या

चोख कामाची आवड आणि चोखपणाचा जाच बाहेरून अगदी सारखे दिसतात, कारण दोन्हींमधून नेटकेच काम बाहेर पडते. फरक कळतो तो काम संपल्यावर. आवड असणाऱ्याला चांगल्या कामाचे समाधान काही दिवस तरी पुरते. जाच सोसणारा मात्र "हे तर कुणालाही जमलं असतं" असे म्हणून पुढच्या वेळी माप आणखी वर सरकवतो, आणि काम बिघडले तर ते स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे जपून ठेवतो. रॉझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न या ब्रिटनमधील संशोधकांनी २००२ मध्ये उपचारांच्या दृष्टीने या प्रश्नाची मांडणी केली, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते नेमके इथेच: माणसाचे मापदंड उंच असण्याने आजार होत नाही, दुष्परिणाम डोळ्यांसमोर दिसत असतानाही स्वतःची किंमत जवळजवळ सर्वस्वी त्या मापदंडांवर ठरवत राहणे, हे दुखण्याचे मूळ असते.

काही जणांमध्ये हा जाच चालढकलीचे रूप घेतो आणि म्हणून ओळखू येत नाही. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण दोन वर्षे अडवून बसलेला विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. ते प्रकरण हातातून सुटले की त्यावर शेरा येणार, आणि तो शेरा आपल्यावरच असणार, अशी त्याला धास्ती असते.

कामाच्या व्यसनासाठी तर सरळ कसोटीच उपलब्ध आहे. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात प्रश्न तयार केले. गेल्या वर्षभरात तुम्ही कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार करत राहिलात का, ठरवल्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ काम केलेत का, अपराधी भावना, चिंता किंवा उदासी दूर ठेवण्यासाठी कामात शिरलात का, इतरांनी काम कमी करायला सांगूनही ऐकले नाही असे झाले का, काम करू दिले नाही तर अस्वस्थ झालात का, छंद, विश्रांती आणि व्यायाम कामापायी मागे टाकलेत का, आणि कामामुळे प्रकृती बिघडली का. यांपैकी चार किंवा अधिक प्रश्नांना "अनेकदा" किंवा "नेहमी" असे उत्तर येत असेल, तर गोष्ट गंभीरपणे घ्यावी. मला यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस किती तास काम करतो यापेक्षा तो कामात शिरून कशापासून लपतो आहे, हे त्या प्रश्नातून कळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. घराचा हप्ता आणि मुलांची फी भागवण्यासाठी दोन पाळ्या करणारा माणूस, किंवा नोकरी करून घरचे सगळे एकटीने ओढणारी बाई, यांना कामाचे व्यसन आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना मनाच्या व्यायामाची नाही, हातभाराची आणि पुरेशा पगाराची गरज आहे. तासांचा शरीरावर होणारा परिणाम मात्र कारण कोणतेही असो, चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

वाक्यातला "च" शोधा

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली. त्याचा एक विचार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो पटला नाही. आत्मसन्मान वाढवा, असे सगळे सांगत असताना एलिस म्हणत होता की स्वतःचे मूल्यमापन करणेच सोडून द्या, चांगलेही आणि वाईटही. कृतीला चांगली-वाईट म्हणता येते, कारण कृतीला सुरुवात, शेवट आणि उद्देश असतो. माणूस मात्र हजारो कृती, सवयी, नाती आणि लहरी यांचा रोज बदलणारा गुंता असतो. त्याला एक आकडा देणे मुळातच अशक्य आहे. लांबी-जाडी मोजायचा व्हर्निअर कितीही उत्तम असला तरी त्याने ताप मोजता येत नाही, तसेच हे. म्हणूनच आरशासमोर उभे राहून "मी हुशार आहे, मी यशस्वी आहे" असे घोकण्याचा उपाय टिकत नाही. तोही शेवटी स्वतःला गुण देण्याचाच प्रकार असतो, आणि आज दिलेले गुण उद्या काढून घेता येतात.

एलिसने दुःखाचे मूळ दाखवले ते माणसाच्या आग्रहात. इच्छा बाळगणे निरोगी असते. इच्छेचे आज्ञेत रूपांतर झाले की ती छळू लागते. मराठीत हे रूपांतर एका अक्षराने होते. "हे काम चांगले झाले पाहिजे" ही इच्छा आहे. "हे काम चांगले झालेच पाहिजे" ही आज्ञा आहे. "चुका होऊ नयेत" आणि "चूक होताच कामा नये", "लोकांनी नाव ठेवू नये" आणि "कुणी नावच ठेवता कामा नये", या जोड्या मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्या वाक्यापाशी जबडा घट्ट होतो, हे माझ्या तरी लक्षात आले.

यासाठी करायचे ते असे. मन घाबरेल तेव्हा घाबरवणारे वाक्य कागदावर जसेच्या तसे उतरवा, मनातल्या मनात नको, कारण मनात ते वाक्य निसटून जाते आणि नुसती धडधड उरते. त्यातला "च" शोधून त्याला गोल करा. मग तेच वाक्य तीन भागांत पुन्हा लिहा: मला काय हवे आहे, ते न झाल्यास खरोखर काय नुकसान होईल, आणि त्या नुकसानीवरून काय सिद्ध होणार नाही. उदाहरणार्थ, "हे सादरीकरण उत्तम व्हावे असे मला मनापासून वाटते. ते फसले तर ऑर्डर जाऊ शकते, वरिष्ठ नाराज होतील आणि मला वाईट वाटेल. पण एक सादरीकरण फसले, याचा अर्थ एक सादरीकरण फसले एवढाच आहे." मधला भाग गाळू नका. "काही होत नाही गं" असे स्वतःला सांगणे खोटे असते आणि मनाला ते खोटे लगेच कळते. नुकसान मान्य केले की तिसरे वाक्य खरे वाटू लागते. पहिले काही आठवडे हे नुसते शब्दांचे खेळ वाटतील. तरीही लिहीत राहा.

हा "च" आपल्यात कुठून येतो, याचा फार शोध घेत बसू नये, पण थोडा घ्यावा. "शहाण्णव टक्के? बाकीचे चार कुठे गेले?" हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत, बहुधा कौतुकानेच, विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण मूल एक हिशेब शिकते: गुण असतील तर आपण हवे आहोत. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने अशा हिशेबाला मोलाच्या अटी म्हटले होते. हा एकट्यादुकट्याचा दोषही नाही. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली, तेव्हा परिपूर्णतेचा आग्रह पिढीगणिक वाढलेला दिसला, आणि "इतरांना माझ्याकडून परिपूर्णताच हवी आहे" ही भावना सर्वांत जास्त वाढलेली आढळली.

काम सुरू करण्यापूर्वी टॉलरन्स लिहा

नुसत्या विचाराने सवय मोडत नाही, हात वेगळे वागावे लागतात. मी जी पद्धत वापरते ती आमच्या ड्रॉइंगच्या रिवाजातूनच घेतली आहे. ड्रॉइंगवर कोणतेही माप टॉलरन्सशिवाय पूर्ण होत नाही. बेअरिंग बसणारे २५ मिलिमीटरचे, एच७ या ठरावीक टॉलरन्सचे छिद्र शून्य ते ०.०२१ मिलिमीटर एवढेच मोठे झालेले चालते. त्याच भागाच्या मोकळ्या कडेला तीन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणाचे काही अडत नाही. चांगला डिझायनर आधी ठरवतो की या भागाचे काम कशावर अवलंबून आहे, तिथेच कडक माप मागतो आणि बाकीचे सैल सोडतो.

एक वही करा. प्रत्येक मोठे काम हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी लिहा: हे कुणासाठी आहे, यातले नेमके काय चुकले तर खरे नुकसान होईल, बाकीचे किती सैल चालेल, आणि याला किती वेळ देणार. हे काम सुरू होण्यापूर्वीच झाले पाहिजे, कारण एकदा हात घातला की जाच सोसणाऱ्या माणसाला सगळेच बेअरिंगचे छिद्र दिसू लागते. माझ्या वहीतली आठवड्याच्या बैठकीच्या टिपणाची नोंद अशी आहे: "नावे, तारखा, कुणी काय करायचे हे अचूक. भाषा येईल तशी. वीस मिनिटे. एकदा वाचून पाठवणे." बँकेच्या अर्जात खाते क्रमांकाला टॉलरन्स शून्य, औषधाच्या मात्रेला शून्य, पगारपत्रकातल्या आकड्यांना शून्य. ज्या ठिकाणी खरोखर शून्य हवे तिथे स्वतः सातवेळा तपासण्यापेक्षा दुसऱ्या माणसाकडून एकदा तपासून घेणे अधिक भरवशाचे असते. सातव्यांदा वाचताना आपले डोळे फक्त आपल्याला अपेक्षित तेच वाचतात.

दिवाळीच्या करंज्यांना मी हीच रीत लावली. करंजीची कड तेलात सुटली तर सारण बाहेर येते, जळते आणि तेलही खराब होते, म्हणून कड नीट चिकटणे हे कडक माप. मुरड एकसारखी येणे हे सैल माप. पूर्वी मी मुरडीसाठी करंज्या मोडून पुन्हा लाटत असे, आणि ताटात वाढताना कुणी घास घेण्यापूर्वीच "यंदा जरा बिघडल्यात" असे सांगून टाकत असे. ही आगाऊ माफी आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की ती माफी आहे हेसुद्धा कळत नाही. समोरच्याने नाव ठेवण्यापूर्वी आपणच ठेवले की वार हलका बसतो, असा तिचा हिशेब असतो. त्या दिवाळीला थोरल्या नणंद फराळाला आल्या, तेव्हा मी वेडीवाकडी मुरड असलेल्या करंज्या ताटात ठेवल्या आणि गप्प राहिले. वाक्य ओठांपर्यंत आले होते. त्यांनी एक करंजी खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारले, "सारणात खसखस भाजून घातलीस का गं?" मुरडीचा विषय निघाला नाही. तुम्हीही आठवड्यातून एकदा तरी केलेली वस्तू, अहवाल किंवा स्वयंपाक कोणतीही माफी न मागता समोर ठेवून पाहा.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रयोग, आणि वर्तनोपचारांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. कमी महत्त्वाच्या एखाद्या कामात मुद्दाम एक तपासणी गाळा. गाळण्यापूर्वी वहीत भाकीत लिहा, आणि दोन दिवसांनी प्रत्यक्षात काय घडले ते शेजारी लिहा. मी बैठकीचे टिपण पहिल्यांदा एकदाच वाचून पाठवले, तेव्हाचे माझे भाकीत होते, "साहेब सगळ्यांसमोर चूक दाखवतील." पाठवल्यावर मला स्वतःलाच एका शब्दातला राहिलेला काना दिसला, कान तापले आणि दुरुस्त प्रत पाठवण्यासाठी हात शिवशिवला. पाठवली नाही. ती तगमग साधारण चाळीस मिनिटे टिकली आणि मग आपोआप ओसरली. उत्तर एकच आले: "गुरुवारऐवजी शुक्रवारी बसूया." तगमग सुरू असताना ती घालवण्यासाठी काहीही न करणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे, लगेच दुरुस्ती केली तर मनाला असेच वाटत राहते की दुरुस्तीमुळेच आपण वाचलो. आणि कधीतरी भाकीत खरेही ठरेल, कुणीतरी खरोखर चूक दाखवील. तेही वहीत लिहा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात प्रत्यक्ष काय बदलले तेही लिहा.

काम पुरेसे झाले की नाही, याचा निर्णय शॉपमध्ये गो–नो-गो गेजने होतो. गेजचे "गो" टोक छिद्रात गेले आणि "नो-गो" टोक गेले नाही, की भाग पास. गेज गुण देत नाही, दोन पास भागांत पहिला-दुसरा लावत नाही. वहीत लिहिलेला टॉलरन्स पाळला गेला का, एवढेच विचारा. गेला असेल तर काम हातावेगळे करा.

वरिष्ठच अवास्तव मागणी करत असतील तर हाच प्रश्न त्यांना विचारता येतो: "सर, हे किती बारकाईने हवं आहे आणि कधीपर्यंत?" बऱ्याचदा कळते की त्यांना कच्चा आराखडाच हवा होता. कधी कधी मात्र त्यांना खरोखरच सगळे, आजच आणि बिनचूक हवे असते. तो दोष त्या कार्यालयाचा समजावा, आणि शक्य असेल तेव्हा जागा बदलण्याचा विचार करावा.

अर्धे काम टाकून उठणे

"एवढे संपवून निघते" हे वाक्य मी वर्षानुवर्षे म्हटले आहे, आणि "एवढे" कधीच एवढे नसते. म्हणून काम संपण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे उठण्याची सवय करावी लागते. आज ज्या वेळी निघता त्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटे आधी उठा आणि दोन आठवडे तेवढेच सांभाळा. एकदम दोन तास कमी करण्याचा निश्चय तिसऱ्या दिवशी मोडतो. उठण्यापूर्वी एका चिठ्ठीवर उद्याची पहिली हालचाल लिहा. माझ्या चिठ्ठ्या "सेक्शन बी-बीची मापे, मग बोल्टची यादी" अशा असतात. ती चिठ्ठी टेबलावर असली की रात्री डोक्याला राखण करावी लागत नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा.

मोकळी झालेली संध्याकाळ सुरुवातीला सुखाची नसते, हे आधीच माहीत असलेले बरे. रिकामेपण येते, अपराधी वाटते, आणि ज्या विचारांपासून काम आपल्याला वाचवत होते ते समोर येऊन बसतात. या वेळेत जे कराल ते मोजता न येणारे असू द्या. मी सुगम संगीताचा वर्ग लावला, आणि तिसऱ्या महिन्यात स्वतःला परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स काढताना पकडले. छंदाची पुन्हा परीक्षा झाली होती. वर्ग चालू ठेवला, परीक्षा सोडली. पावले न मोजता चाला. चित्र काढा आणि त्याचा फोटो कुणाला पाठवू नका. भावाबहिणींशी, जुन्या मैत्रिणींशी बोला, आणि "सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला कामाव्यतिरिक्त उत्तर देऊन पाहा; पहिल्या वेळी मला ते सापडायला बराच वेळ लागला होता.

हे सगळे करूनही झोप उडालेली असेल, कामाचा तिटकारा येऊ लागला असेल, किंवा पूर्वी सहज जमणारे काम जमेनासे झाले असेल, तर एकट्याने झुंजू नका. कामाच्या दीर्घ, न हाताळलेल्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयीचा दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता या तिन्ही लक्षणांना मिळून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये "बर्नआउट" असे व्याख्याबद्ध केले. तो कामाशी निगडित प्रश्न मानला जातो, व्यक्तीची कमजोरी नाही. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घसरण होईल, हेही गृहीत धरा. आमच्याकडे मार्चअखेरीला सगळेच उशिरापर्यंत बसतात, आणि जुनी सवय त्या गर्दीत हळूच परत शिरते. मार्च सुरू होतानाच मी कॅलेंडरवर परतण्याची तारीख लिहून ठेवते. यंदा ती एप्रिलचा पहिला सोमवार होती. त्या दिवशी साडेसहाला एका हाउसिंगचे (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचे) ड्रॉइंग अर्धे टाकून, चिठ्ठी लिहून मी उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सव्वा तासात झाले, आणि त्यावरचा टॉलरन्स जिथे हवा तिथेच कडक होता.